टक्-पाना

"दोनदा गरम केली. तिसऱ्यांदा गरम कराला मी काय हाटेल नाय उघडलाय," सुगरा पुटपुटली.

पुटपुटली तीही फजलच्या कानाशीच. तिच्या ओढणीचं टोक त्याच्या खांद्याला लागत होतं. तो बुटक्या स्टुलावर बसून गाडीच्या मागच्या डाव्या चाकाचे नट काढत होता. त्याने मान वळवली नाही. सुगराने कप टूलबॉक्सच्या झाकणावर, त्याच्या नजरेसमोर ठेवला, तेव्हा तो दचकला आणि ओरडून म्हणाला, "अगो, चाय आणलीस तर हाक तरी माराची!"

"मारली," सुगरा म्हणाली. तेही वाऱ्यावर गेलं.

गेल्या वर्षभरात या घरातल्या कुरकुरीला सुगीचे दिवस आले होते. पूर्वी सुगराला पुटपुटायला स्वयंपाकघर गाठावं लागे. आता ती नवऱ्याच्या शेजारी सोफ्यावर बसून, बातम्यांच्या आवाजाखाली निवांत पुटपुटायची. टीव्हीचा आवाज चढत गेला तशी शेजारची मशीद लांब गेली. शुक्रवारी नमाजाची वेळ झाली की ती त्याची टोपी त्याच्यापुढे आणून ठेवायची. तो म्हणायचा, "आज बांग लवकर झाली वाटतं." ती म्हणायची, "हां." एवढ्यावर भागत होतं.

गाडी लेकीची, समीनाची. जपानी, लाल, दोनच सीटांची, वयाने समीनाहून थोडीच लहान. या आखाती शहराच्या वेस्ट बे भागातल्या तिच्या ऑफिसातला कोणी साहेब मायदेशी परतताना ती विकून गेला, आणि या मुलीने आईला न विचारता घेतली. "लोकांच्या पोरी सोना घेतात," सुगरा तेव्हा म्हणाली होती, "हिने गाडी घेतली. आईबाप बसवाचे कुठं, डिकीत?" फजल मात्र त्या दिवशी बॉनेट उघडून नुसता उभा राहिला होता. सनाइयातल्या, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वस्तीतल्या, गॅरेजात जन्म गेला त्याचा, पण तो पिकअपखाली आणि पाण्याच्या टँकरखाली. अशी नाजूक वस्तू घरी चालून आली म्हणजे जावई आल्यासारखंच.

महिन्यापूर्वी त्यानेच ब्रेकपॅड बदलून चाकं बसवली होती. परवा पंक्चर काढायला हे चाक उघडायला गेला, तर पाना फिरवताच दोन स्टड मोडून नटासकट हातात आले. स्टड म्हणजे ते जाड बोल्ट, ज्यांच्यावर अख्खं चाक अडकलेलं असतं. बाकीच्यांचे आटेही ओढल्यासारखे लांबले होते. प्रमाणाबाहेर आवळल्यावर लांबतात तसे.

"टायरवाल्याचा काम," फजल म्हणाला होता. "नट आवळाला हवेची गन लावतात, गाढव."

त्या महिन्यात गाडी कुठल्याच टायरवाल्याकडे गेली नव्हती. समीना "मेबी" म्हणाली आणि फोनमध्ये बघत राहिली. सुगरा म्हणाली, "जुना लोखंड. दुसरा काय." लोखंडातलं तिला काहीही कळत नव्हतं.

नवे स्टड घेऊन निवृत्ती आला, तोवर फजलने ब्रेकची तबकडी उतरवून, स्टड ज्यात बसतात तो हब उघडा केला होता. निवृत्ती बीडकडचा, फजलच्याच गॅरेजातला; बायकापोरं गावाकडे, त्यामुळे शुक्रवारचं जेवण बहुतेक सुगराच्या हातचं.

"घ्या फजलभाई, सगळे नवेकोरे आणलेत!" तो चढ्या आवाजात म्हणाला. फजलशी तो हल्ली असाच बोलायचा आणि कोणी विचारलंच तर सांगायचा, आमच्या गावाकडं समदे असंच बोलतेत.

फजलने हातोडा उचलला. एकेक जुना स्टड ठोकून मागे पाडायचा, हब फिरवून मागच्या मोकळ्या जागेपाशी आणायचा, तिथून तो काढून नवा सरकवायचा, आणि पुढून वॉशर-नट लावून ओढून घट्ट बसवायचा. हात सराईत होते. ठण ठण आवाजाने कुंपणावरची कबुतरं उडाली.

एवढ्या आवाजात कुजबुजायची गरज नव्हती, तरी निवृत्ती कुजबुजला, "भाभी, एक बोलायचं हुतं. गॅरेजात त्यांनी आवळलेली चाकं मी मागनं जाऊन बघतो. सैल करतो, पुन्यांदा आवळतो. रमजानच्या आधीपासनं चाललंय."

सुगरा बोगनवेलीची वाळकी पानं खुडू लागली. "मग त्याना सांगा ना."

"मी? मला पाना धरायला शिकवला त्या माणसानं. तुम्ही घरचं माणूस."

"घरच्यांनीच सांगाचा काय सगळा?"

"पुढच्या महिन्यात मी निघालो भाभी. कायमचा. माझ्या मागं कोण बघणार? एखादं चाक रस्त्यात निघालं म्हंजे..." त्याने वाक्य तिथेच सोडलं. ठणठण थांबली होती. दोघंही चोरी पकडल्यासारखे गप्प झाले. आणि आपण का गप्प झालो, ते आठवून आणखीच ओशाळले.

समीना गॉगल कपाळावर चढवून बाहेर आली. संध्याकाळी मैत्रिणीला घेऊन वाळवंटातल्या दुखानच्या रस्त्याला जायचा तिचा बेत होता. लांबलचक, सरळ, मोकळा रस्ता.

"अब्बा, ऑल डन?"

"चाक चढवला. आता फक्त आवळाचा." फजलने जॅक उतरवला. चाक जमिनीला टेकलं. मग त्याने फडक्यात गुंडाळलेला लांब पाना काढला. कितीचा जोर हवा ते त्यावर लावून ठेवायचं. तेवढा जोर पोचला की पाना 'टक्' करतो. मग थांबायचं. समीना लहान असताना त्याला टक्-पाना म्हणायची. टक् झालं की तिने टाळी वाजवून "खलास!" ओरडायचं, असा बापलेकीचा खेळ होता.

"द्या, मी आवळतो. तुम्ही चहा घ्या," निवृत्ती म्हणाला.

"माझ्या पोरीच्या गाडीचा चाक तू आवळनार? सरक."

त्याने पाना पहिल्या नटावर बसवला आणि अंग टाकलं.

टक्.

तिघांनी ऐकलं. फजल दाबतच होता. टक्च्या वेळी हातालाही बारीक झटका बसतो, पण गन धरून धरून ती बोटं कधीच बधिर झाली होती. पाना आणखी वळायला लागला.

"खलास!" सुगरा ओरडली.

फजल थांबला. "काय खलास?"

"साखर," सुगरा म्हणाली. "घरातली साखर खलास झाली. मगापासून सांगाचा होता."

"मग आता काय मी साखर आणू?"

दुसरा नट समोरचा. टक्. निवृत्तीला एवढ्या जोरात शिंक आली की पलीकडच्या बिऱ्हाडाची खिडकी उघडली. तिसऱ्याला समीनाने "यल्ला, चला अब्बा, सेल्फी!" म्हणत बापाचा हातच ओढला. फोटोत त्याचा चेहरा गोंधळलेला आला.

चौथ्या नटावर पाना ठेवून फजल क्षणभर तसाच बसला. त्याने निवृत्तीकडे पाहिलं, समीनाकडे पाहिलं. तिघांचे डोळे पान्यावर चिकटलेले. उकळत्या दुधाकडे बघावं तसे.

त्याने पाना दाबायला सुरुवात केली. पण आता तो पान्याकडे बघत नव्हता. सुगराच्या तोंडाकडे बघत होता.

टक्. सुगराची पापणी हलली.

फजल थांबला. कोणी शिंकलं नाही, कोणाची साखर संपली नाही. तो आपणहून थांबला, बरोबर जागेवर.

समीना गाडीच्या लाल पत्र्यावरची नसलेली धूळ ओढणीने पुसू लागली. सुगराला मात्र एकदम कळलं की असंही निभेल. आपण पापणी हलवत राहू, हा बघून थांबत राहील. टोपी ठेवली तशी पापणीही ठेवता येईल त्याच्यापुढे. पण ती काही सनाइयात जाऊन त्याच्यासमोर उभी राहणार नव्हती.

फजलने शेवटच्या नटावर पाना बसवला. वर पाहिलं. त्याने दाबायला घेतलं, आणि सुगराने तोंड फिरवलं. भिंतीकडे. बोगनवेलीकडे.

तिच्या पाठीकडे बघत त्याने थोडं दाबलं. थांबला. अजून थोडं. परत थांबला. कपाळावर घाम आला होता.

"सुगरा," तो म्हणाला. "झाला काय गो?"

ती वळली नाही. हातातलं पान तिने चुरगळून टाकलं.

"मम्मी, प्लीज," समीना म्हणाली. निवृत्ती पुढे झाला. फजलने डावा हात वर करून त्याला जागेवरच थांबवलं. पाना नटावरून काढला, फडक्याने पुसला, आणि समीनासमोर धरला. तिने तो दोन्ही हातांनी घेतला. जड होता.

"टायरवाल्याने नाय तोडले ते," तो तिला म्हणाला. हल्ली सगळंच बोलायचा तसं मोठ्याने, पलीकडच्या खिडकीपर्यंत जाईल एवढ्या आवाजात. "मना ऐकाया येत नाय."