इंग्रजीतला बाप

मास्टरांना इंग्रजीचा गंध नव्हता. तरी मुलीनं लिहिलेली इंग्रजी कादंबरी छापून आली तेव्हा त्यांनी ती दुकानात शिलाई मशीनशेजारी, येणाऱ्या गिऱ्हाइकाला दिसेल अशी उभी करून ठेवली.

मुलीला मात्र ती तिथं नको होती. पुस्तकातला शिंपी मुलीला शाळेत जाऊ देत नव्हता, कापड मोजायच्या लाकडी गजानं मारत होता. पहिल्या खर्ड्यात तो तसा नव्हता. परदेशातली संपादिका फोनवर गोड आवाजात म्हणाली होती, "बाप फार मवाळ झालाय. तुमच्याकडच्या मुलींचं दुःख आमच्या वाचकाला दिसायला हवं." बरेच दिवस ती नाही म्हणाली. मग हो म्हणाली. पुस्तकाचा खूप गाजावाजा झाला.

एक दिवस ड्रेसचं माप द्यायला आलेल्या प्राध्यापक बाईंनी विचारलंच, "मास्टर, तुम्ही खरंच लेकीला मारायचात?"

मुलगी घरी आली तेव्हा मास्टर दोरा ओवत बसले होते.

"तिकडच्या लोकांना असाच बाप लागतो का गं?"

"बाबा, ती कादंबरी आहे. तो तुम्ही नाही."

"दुकान माझं, मशीन माझं, खोकलासुद्धा माझा. मारकुटेपणा तेवढा कुणाचा उसना आणलास?"

तिला तोंड वर करवेना. "जेवून घे," एवढंच ते म्हणाले. पुस्तक त्यांनी हलवलं नाही. लेकीचं नाव होतं ना त्यावर.

त्या थंडीत ते गेले. बसल्या जागी, अर्धवट शिवलेला कोट मांडीवर घेऊन.

तिनं दुसरं पुस्तक लिहिलं. त्यात परीक्षेच्या दिवशी शाळेबाहेर उन्हात डबा धरून उभा राहणारा बाप होता. संपादिका म्हणाली, "भाषा सुंदर आहे. पण हा बाप खरा वाटत नाही."

या वेळी मुलीनं फोन ठेवून दिला आणि आईला सगळं सांगितलं.

"आपल्या भाषेत वाच बघू," आई म्हणाली.

ती इंग्रजीचं मराठी करत वाचायला लागली, पण शब्दाशब्दाला अडखळत होती. बापाबद्दलचे शब्द आधी इंग्रजीतच सुचत होते. "अतिशय मायाळू," ती कशीबशी म्हणाली.

"मायाळू कसले! नाकाच्या शेंड्यावर राग असायचा," आई म्हणाली. "पण तुझ्यावर कधी हात उचलला नाही त्यांनी. असं लिही."

मुलीनं डोळे पुसले आणि पेन्सिल शोधायला लागली.