वैखरीचे मौन

हेमंतातली सांज साताऱ्यावर उतरत होती; धूसर, राखवर्णी, शीतस्पर्शी सांज. अजिंक्यताऱ्याच्या कड्यावरून ऊन ओसरले, आणि मृण्मयी केळशीकरच्या चेहऱ्यावर उरला तो केवळ संगणकाच्या पडद्याचा निळा, निरुष्ण उजेड.

ऐन तारुण्यात तिने एक प्रोग्रॅम लिहिला होता: दृष्टिहीनांना मराठी मजकूर वाचून दाखवणारा. नाव ठेवले ‘वैखरी’. मुक्या अक्षरांना कंठ देणारी, अंधाराशी बोलणारी वैखरी. पण ज्या संगणकीय भाषेत ती रचली, त्या भाषेची नवी आवृत्ती आली. जुनी जराजर्जर झाली. खुद्द तिच्या कर्त्यांनीच तिची डागडुजी थांबवली. मृण्मयी मात्र दोन्ही आवृत्त्यांसाठी वैखरी सांभाळत राहिली. प्रत्येक दुरुस्ती दोनदा, प्रत्येक चाचणी दोनदा. ती थकली होती. आता नवा, मृदू, माणसासारखा आवाज तयार होता, आणि जुन्या आवृत्तीत तो उमटत नव्हता. नव्याला वाट द्यायची, तर जुन्याचा आधार काढणे भाग होते.

जुन्यावर विसंबलेली एकच शाळा तिला ठाऊक होती. कोयनेकाठची अंधशाळा, कुणीकुणी दिलेले म्हातारे संगणक, नवी आवृत्ती पेलण्याचे त्राण नसलेले. तिने तिथल्या बशीर इनामदार सरांना फोन केला. सर स्वतः जन्मांध. तिने सारे सांगितले.

“आमच्याकडचं लगेच बंद पडेल का, ताई?”

“नाही सर. आहे तसं चालेल. पण बिघडलं, तर मला दुरुस्त करता येणार नाही.”

“म्हणजे पहिल्या आजारापर्यंत जगेल,” सर शांतपणे म्हणाले. “काढा तुम्ही. आमच्यासाठी बाकीच्यांना किती अडवायचं?”

तिने खोडायला घेतले. ओळीमागून ओळ गळत गेली, निःशब्द, निराधार. तिच्याच हातच्या ओळी, तिच्याच तरुण, अधीर, उत्कंठित हातच्या. ‘ळ’ नीट उच्चारला जावा म्हणून ती जिथे झुरली होती, तिथे बोट थबकले. मग तेही खोडले.

फाल्गुन आला, रुक्ष, ताम्रवर्णी, तृषार्त. शाळेत गोष्टींच्या नव्या पुस्तकाची फाइल आली. तिची अक्षररचना जुन्या वैखरीला उमगेना. पहिल्याच पानावर, एका शब्दाच्या मध्यावर, ती थांबली. सरांनी फोन केला. मृण्मयीने खटपट केली, पण जुन्या आवृत्तीची अवजारेही आता कुठे मिळेनात. नाही जमत सर, एवढेच ती बोलू शकली. सरांनी तिला बोल लावला नाही.

ते वर्गात परतले. सगळी मुले जेवायला गेली होती. लहानगी सगुणा तेवढी हेडफोन लावून बसली होती.

“चल बाळ. आता ती नाही बोलायची.”

“शब्द अर्धाच राहिलाय, सर,” ती म्हणाली. “पुरा करेल ती.”

सरांनी चाचपडत खुर्ची ओढली. ते पुस्तक त्यांनाही वाचता येणार नव्हते. दुपार कलत गेली. समोर पडदा उजळ, अक्षरांनी काठोकाठ भरलेला. आणि त्याच्यापुढे ती दोघे, स्तब्ध, नतमस्तक, मौनाला कान लावून.