चंद्रविलासचे उखळ

मी काळ्या दगडाचे एक जुने उखळ आहे आणि मित्रांनो, आयुष्यातली नऊ वर्षे मी देव होतो. हसू नका. देव होणे फारसे अवघड नसते. गप्प बसता आले की झाले, आणि दगडाला ते जन्मतःच येते.

मोहोळला बापूसाहेबांनी हॉटेल चंद्रविलास बांधायला काढले, तेव्हा मडिवाळप्पा नावाच्या पाथरवटाने मला घडवले. मला निम्मे जमिनीत पुरायचे होते. म्हणून त्याने माझे पोट आतून गुळगुळीत केले आणि बूड तसेच गोल, ओबडधोबड ठेवले. जे दिसणारच नाही त्यावर कोण छिन्नी झिजवणार?

चंद्रविलासचा थाट काय सांगू! दुमजली दगडी इमारत, संगमरवरी टेबले आणि दिवाणखान्यात पुरुषभर उंचीचे आरसे. पुणे-सोलापूर रस्त्याने जाणारी मोटार तिथे थांबल्याशिवाय पुढे जात नसे. नाटक कंपन्या मुक्कामाला असत. पार नातेपुत्याकडची माणसे लग्नाची बोलणी करायला चंद्रविलासमध्ये येत, कारण तिथे मुलीला मान वर न करता आरशात मुलगा पाहता येई. आरशांचे कौतुक सगळा गाव करायचा. माझे कौतुक करणारी एकटी नीलम्मा.

ती अक्कलकोटकडची. लग्न होऊन मोहोळला आली आणि विशीत असतानाच हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला लागली. पहिल्याच दिवशी तिच्या हातून मुसळ निसटले आणि माझ्या काठाचा बोटभर टवका उडाला. बिचारी रडायलाच लागली. बापूसाहेब म्हणाले, "रडता कशाला? टवका गेला, उखळ हाय की जागेवर." त्या दिवसापासून शेंगदाण्याची चटणी तिच्याकडे आली. भाजलेले दाणे, लसूण, जिरे, तिखट आणि मीठ माझ्या पोटात पडे आणि ती संथ हाताने कुटत राही. दाण्याचे तेल सुटून गोळा होऊ लागला की स्वतःशीच म्हणे, "साकू." म्हणजे कन्नडमध्ये पुरे. ताटात बाकी काहीही उरो, ती चटणी कधी उरली नाही. जवळजवळ चाळीस वर्षे आम्ही दोघांनी हे काम केले आणि मी फार सुखात होतो.

मग नवा रस्ता गावाबाहेरून गेला आणि मोटारीही त्याच्यामागून गेल्या. बापूसाहेब वारले. इमारत विकली, पाडली. आरशांना गिऱ्हाईक मिळाले, टेबलांना मिळाले. मला मात्र जेसीबीने उपटून राडारोड्यात टाकले. गावाच्या कडेला एका लिंबाखाली मी डंपरमधून घसरलो आणि पालथा पडलो. तोंड मातीत, बूड आभाळाकडे.

एका दुपारी मल्हार नावाच्या मेंढपाळाचे कोकरू चुकले. दोन दिवस शोधून तो दमला आणि ते त्याला सापडले माझ्या सावलीत, गाढ झोपलेले. मल्हारने माझ्या गोल बुडाकडे पाहिले आणि हात जोडले. त्याच्या आईने, केराबाईने, भंडारा उधळला. झाले! मी बिरदेव झालो. दर रविवारी नारळ फुटू लागले. लोक माझ्याकडे पाऊस मागत, नोकरी मागत, गुडघेदुखी बरी करून मागत. मी कुणाला काही दिले नाही, तरी माणसे आनंदाने परत जात. माझी हेळसांड होत होती असे मुळीच नाही. पण पोट रिकामे होते आणि कुणी पाया पडल्याने ते भरत नव्हते.

इकडे नीलम्माची सून शिवलीला हिने खानावळ उघडली. पाटीवर हौसेने लिहिले, 'चंद्रविलासची चटणी मिळेल'. जुनी माणसे आशेने आली. पण चटणी मिक्सरमधली, कोरडी भुकटी. सगळी ताटात उरू लागली. सत्तरीच्या नीलम्माला प्रत्येक उष्टे ताट म्हणजे आपल्याच तोंडावर मारलेली चपराक वाटे. आठवडाभरात पाटी उतरवायची असे सुनेने ठरवले.

त्याच आठवड्यात बाजारातून परतताना नीलम्मा लिंबाखाली थांबली. नमस्काराला वाकली, हात टेकला आणि तिची बोटे मातीलगतच्या माझ्या फुटक्या काठावर गेली. ती तिथेच खाली बसली. कितीतरी वेळ तिने हात उचलला नाही. मला बोलता आले असते तर काय हवे होते, मित्रांनो.

दुसऱ्या दिवशी ती केराबाईकडे गेली. "हा द्येव न्हाय, केराबाई. माजं उखळ हाय."

मल्हार चिडला. "आक्का, नऊ वर्सं आमी काय उखळाच्या पाया पडलो व्हय?"

केराबाईने त्याला गप्प केले. "आपुन भांडून काय हुनार? ज्याला न्यायचंय त्यालाच इचारू की."

म्हणजे कौल लावायचा. माझ्या उजव्या-डाव्या अंगाला पाण्याने एकेक झेंडूची पाकळी चिकटवली. उजवी आधी पडली तर मी जायचे, डावी पडली तर कायमचे इथेच राहायचे. सगळे पाकळ्यांकडे टक लावून उभे राहिले. नऊ वर्षांत लोकांनी माझ्याकडे सगळे मागितले होते, पण तुला काय हवे असे पहिल्यांदाच कुणी विचारत होते. आणि मला एक पाकळी हलवता येत नव्हती. डावी पाकळी उन्हाने वळू लागली. नीलम्माने डोळे मिटून घेतले.

एवढ्यात उसाने भरलेला ट्रॅक्टर खड्ड्यातून धडधडत गेला. जमीन हादरली आणि उजवी पाकळी टपकन पडली.

"दिला द्येवानं," केराबाई म्हणाली.

खरे सांगतो, दिला तो ट्रॅक्टरने. पण मलाही हेच सांगायचे होते.

चौघांनी पहारी लावून मला उलटे केले. पोटातला खळगा पाहून मल्हारची मान खाली गेली. केराबाई शांतपणे म्हणाली, "लाजतुस कशाला? अन्नाची जागा हाय. पाया पडलो ते बरंच केलं."

आता मी शिवलीलाच्या खानावळीत आहे. नीलम्माचे हात थकले. ती खुर्चीवर बसून सांगते आणि सून कुटते. पहिल्या दिवशी सुनेने घाई केली, तेव्हा सासू ओरडली, "अगं, त्येल सुटू दे की!" चंद्रविलास गेले ते गेलेच. तसे आरसे मोहोळात पुन्हा लागणार नाहीत. पण पाटी अजून आहे.

मित्रांनो, तुमच्या घरातही कोपऱ्यात एखादी जुनी वस्तू असेल. एखादे थकलेले माणूसही असेल. त्यांना पुसा, जपा, नमस्कारही करा. पण एवढ्यावर सोडू नका, त्यांना काम द्या. पहिल्या रविवारी मल्हार आईला घेऊन जेवायला आला. माझ्याकडे पाहून त्याचा हात सवयीने कपाळाकडे गेला, मग तो जरा ओशाळला आणि खाली बसला. भाकरी संपली, तरी तो बोटाने ताटातली चटणी पुसून खात होता. नऊ वर्षांत त्याने माझी केलेली सगळ्यात मोठी पूजा तीच.