मशीनच्या लेखी

"कृपया पुनः प्रयास करें," हजेरीचं मशीन पुन्हा म्हणालं आणि पद्मजाताईंच्या मागची रांग चुळबुळली.

त्यांनी अंगठा पदराला पुसून परत काचेवर टेकवला. तळहातांची, बोटांची कातडी खवल्यांसारखी सुटत होती, भेगांच्या कडा लाल झालेल्या. असल्या बोटांवरच्या रेषा ओळखणं मशीनच्या बापालाही जमलं नसतं. त्या बाजूला झाल्या, तशी मागच्या रूपालीने पर्समधून रुमाल काढला, काच पुसली आणि मगच स्वतःचं बोट ठेवलं. पुसताना ती ताईंकडे पाहून हसली. रुमालापेक्षा ते हसूच त्यांना जास्त लागलं.

सोरायसिस तरुणपणापासूनचा. आधी कोपरं, मग डोकं, आणि ऑफिस शहरातून नव्या राजधानीत हललं त्या सुमारास तळहात. हा रोग लागत नाही, हे लोकांना सांगून सांगून त्यांनी आता सांगणंच सोडलं होतं. माळावर उठलेल्या त्या चकचकीत इमारतीत सगळं नवं होतं, हजेरीसुद्धा. जुन्या शहरातल्या बूढापाऱ्यातून स्टाफ बसने जायचं, दिवसभर टायपिंग करायचं आणि महिनाअखेरी कागदावर गैरहजर. पगार अडकला.

चारुदत्त साहेबांनी बोलावून घेतलं. वयाने लहान, नागपूरकडचे, बोलायला मऊ.

"ताई, तुमच्यासाठी वेगळं रजिस्टर ठेवतो. चपराशाच्या खोलीत. तिथे सही करा, मशीनला हात लावायचीच गरज नाही. इतरांनाही जरा…"

"इतरांनाही काय, साहेब?"

साहेब फाइल चाळू लागले.

संध्याकाळी घरी दिवाकर त्यांच्या पाठीला मलम लावत होते. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून हे काम नवऱ्याने स्वतःकडे घेतलं होतं.

"काहून अडून बसली? करून टाक सही. तुले काय फरक पडते?"

"मले पडते. दुसऱ्यांच्या लग्नात लोकांनी मले कोपऱ्यात बसवलं, मी बसली. हळद लावाले बोलावलं नाही, मी गेली नाही. आता नोकरीतबी कोपरा?"

दिवाकरांनी उरलेल्या पाठीवरून मलमाचा हात फिरवला. मग मलमाचं झाकण लावत म्हणाले, "मंग नको करू."

दुसऱ्या दिवसापासून पद्मजाताई रांगेत पहिल्या उभ्या राहू लागल्या. मशीन त्यांना नाकारायचं, त्या जागेवर जाऊन कामाला लागायच्या. काहीजण वरच्या मजल्यावरच्या मशीनकडे जाऊ लागले. जावोत.

विधानसभेचं अधिवेशन सुरू झालं. आमदाराच्या एका प्रश्नाला खात्याचं उत्तर दुपारच्या आत सभागृहात पोचवायचं होतं. चारुदत्त साहेब स्वतः लगबगीने त्यांच्या टेबलापाशी आले. कॉम्प्युटर बंद होता आणि ताई हाताची घडी घालून बसल्या होत्या.

"ताई, उत्तर टाइप झालं?"

"नाही साहेब. मी तं आज आलीच नाही."

"म्हणजे?"

"मशीनले विचारा. सकाळी सगळ्यांसमोर सांगितलं त्यानं."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"ही वेळ आहे का, ताई?"

"वेळ ऑफिसात येणाऱ्यांची राहते, साहेब. मी घरी आहो."

साहेबांचे कान लाल झाले. "काय हवंय तुम्हाला?"

"सही करते म्हणते ना मी. पण तुमच्या टेबलावर, साऱ्यांच्या देखत. चपराशाच्या खोलीत नाही."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. "चला."

केबिनचं दार उघडंच राहिलं. रजिस्टर मागवलं गेलं. ताईंनी पेन आणलं नव्हतं, म्हणून साहेबांनी खिशातलं स्वतःचं दिलं. ताईंनी सावकाश पूर्ण नाव लिहिलं. कातडीचा एक पापुद्रा कागदावर पडला. तो त्यांनी झटकला नाही.

त्यांनी पेन पुढे केलं, तसा साहेबांनी हात मागे घेतला. "राहू द्या, ताई. तुमच्याकडेच ठेवा."

पेन चांगलं होतं, सोनेरी क्लिपचं. पद्मजाताईंनी त्याचं टोपण लावलं, टेबलाला वळसा घालून त्या साहेबांजवळ गेल्या आणि पेन त्यांच्या शर्टाच्या खिशात नीट अडकवलं.

"उत्तर घंटाभरात देते," त्या म्हणाल्या.

बाहेर येऊन त्या आपल्या जागेवर बसल्या. त्यांनी कॉम्प्युटर सुरू केला. सही करताना अंगठ्याची भेग उकलली होती. तेवढा अंगठा वर धरून उरलेल्या बोटांनी त्या टाइप करू लागल्या.