पट्ट्यांमागची भिंत

शाइस्ताच्या दुकानात कशाचा तरी कुबट वास येत होता, आणि कशाचा ते काही केल्या कळत नव्हतं. अकोल्यातल्या एका कॉम्प्लेक्समध्ये पहिल्या मजल्यावर ती लग्नाचे लेहंगे भाड्याने देई. भिंतींना पांढऱ्या चकचकीत प्लास्टिकच्या पट्ट्या, डोक्यावर एसी, बघणाऱ्याला सगळं झकास. पण सकाळी शटर उचललं की वास अंगावर येई. तिने ऊद जाळून पाहिला, कपाटात कापूर ठेवला. वास थोडा वेळ दबे, की पुन्हा डोकं वर काढी.

मग बार्शीटाकळीची एक नवरी लेहंगा परत घेऊन आली. घेराच्या आतून काळे ठिपके पडले होते. "हे असं देऊन राहिल्या तुमी लोकायले?" तिची आई सगळ्या गिऱ्हाइकांसमोर बोलली. शाइस्ताने माफी मागून दुसरा लेहंगा दिला. त्या मायलेकी जिना उतरल्या तशी ती साधनाकडे वळली. दुकान उघडलं तेव्हापासून धुणं, इस्त्री, घड्या सगळं साधनाच बघायची.

"ओलेच घडी करून ठेवतं का तू?"

"नाई आपा. पुरे सुकल्याबिगर मी इस्त्रीच नाई फिरवत."

"मंग डाग काय आभाळातून पडले?"

साधनाने इस्त्री पुन्हा हातात घेतली. त्या दिवसापासून शाइस्ता तिच्या मागे घड्या उलगडून हात लावून बघू लागली. कापड कोरडंच लागे. तरी मन म्हणे, आपली नजर आहे म्हणून आता नीट करते. शेवटी एका दुपारी साधनाने इस्त्रीचं बटण बंद केलं. "रोज चोरावानी तपासून घ्याले मी नाई येत आपा," म्हणाली आणि चपला घालून निघून गेली.

साधना गेली, वास मात्र तिथेच राहिला. नवे ठिपकेही पडतच होते.

असाच एकदा इमारतीचे मालक शेषराव यांचा मुलगा अंकुर वर डोकावला. "काय मॅडम, बरं चाललं ना? वास त नाई येत ना आता?"

"नाई," शाइस्ता हसून म्हणाली. तो खाली उतरला आणि तिचा हात कापडावरच थबकला. वासाबद्दल ती याच्याशी कधी बोललीच नव्हती.

आता तिला अंकुरचं सगळं वागणं आठवायला लागलं. जागा दाखवताना तो मागच्या भिंतीपुढेच उभा होता. 'कपाटं इथंच लावा,' हेही त्यानेच सुचवलं होतं. तिने कपाट ओढून बाजूला केलं. पट्टीच्या खालच्या कडेला पाणी सुटलं होतं. पेचकसाने कोपरा उचकटून तिने पट्टी ओढली आणि ओढणी नाकाला लावून मागे सरली. भिंत छतापासून खालपर्यंत काळी, केसाळ बुरशीने भरली होती. एका जागी पांढऱ्या रंगाचा पोपडा लोंबत होता. त्याच्या खालीही काळंच.

तिने अंकुरला फोन करून बोलावलं.

"इतकं वाढन हे मले काय मालूम!" तो म्हणाला.

"म्हणजे होतं, हे मालूम होतं."

अंकुरने मान खाली घातली. "पहिला भाडेकरू याच्यापायीच गेला. मिस्त्री म्हणे, वरच्या दवाखान्याचा पाइप गळते. तो बदला, प्लास्टर काढा, भिंत सुकू द्या. बाबा म्हणे, रंग मारून पट्ट्या ठोक."

"मी गेली असती त तिसऱ्यालेही असंच फसवलं असतं ना? मी नाई जात. पाइप बदला. तोवर भिंत उघडीच राहीन."

ऐन लग्नसराईत दुकान बंद राहिलं. पाइप बदलला, बुरशी उडू नये म्हणून पाणी मारून मारून प्लास्टर उतरवलं. शेषराव दोनदा येऊन गेले: "आता लावा पट्ट्या, पोरी." भिंतीला तळहात लावून ती म्हणे, "गार लागते अजून, काका." भिंत खडखडीत सुकल्यावरच नवं प्लास्टर आणि रंग लागला, आणि कपाटं भिंतीपासून हातभर पुढे उभी राहिली.

मग ती साधनाच्या घरी गेली.

"मी चुकली. डाग भिंतीतल्या बुरशीचे होते, अन् मी तुह्यावर आळ घेतला."

साधनाने भाजी निवडणं थांबवलं नाही. "भिंतीत काही निघालं नसतं, त आल्या असत्या का आपा?"

खोटं बोलणं सोपं होतं. "नसती आली," शाइस्ता म्हणाली.

साधनाने भाजी बाजूला सारली. "बसा," ती म्हणाली, "चहा मांडते." चहा झाला, इकडचं तिकडचं बोलणंही झालं. कामाचा विषय मात्र त्या दिवशी दोघींपैकी कुणीच काढला नाही.