तळहाताएवढी जागा

“बाबा, जरा इकडे या. आणि आधीच सांगते, तोंड पाडायचं नाही.”

मिस्त्री बुटाची नाडी बांधत होते. पंपदुरुस्तीची पिशवी दाराशी तयार होती. एका पायात बूट, एका पायात मोजा, तसेच ते लेकीच्या खोलीत गेले. तिची आई ड्रेसिंग करत होती; रोज सकाळी दीड तास चालणारं काम. लेकीने डावा हात पुढे केला. कोपराच्या खाली, नव्या कातडीच्या मधोमध वाटाण्याएवढा फोड आला होता.

“कुठे आपटलीस का?”

“नाही.”

“मग बाहीची शिवण घासली असेल.”

“बाबा, त्या जागेला शिवण घासली तरी काही व्हायला नको होतं ना?”

आईने सुईने फोड टोचून पाणी काढलं. मिस्त्री दुसरा बूट घालायला गेले आणि बराच वेळ नाडीशीच झटत बसले.

लेक चोवीस वर्षांची. जन्मल्यापासून जरा कुठे घासलं की तिची कातडी सुटून यायची. कातडीचे थर एकमेकांना धरून ठेवणारे धागे तिच्या अंगात तयारच होत नव्हते; ते बनवणारं जनुक बिघडलेलं होतं. आणि मिस्त्रींचे हात पंप उघडून उघडून कानशीसारखे झालेले. लहानपणी तिला उशीवर ठेवून उचलायचं, एवढंच त्यांना जमायचं. कुशीत घेणं आईकडे. बापाच्या वाट्याला बोलणं आलं, आणि दोघंही बोलण्यात पटाईत झाले. आता ती घरी बसून एका पंख्याच्या कंपनीच्या तक्रारी फोनवर घ्यायची. “आमची मुलगी नुसती बोलून पंखे दुरुस्त करते,” असं मिस्त्री गिऱ्हाइकांना सांगायचे.

दहा महिन्यांपूर्वी तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरबाईंनी तिच्याच त्वचेतल्या पेशी घेतल्या, त्यांत चांगलं जनुक घातलं, प्रयोगशाळेत त्यांचा पातळ पापुद्रा वाढवला आणि तो कोपराखाली लावला. तळहाताएवढाच. तीन महिन्यांनी त्या म्हणाल्या, “मिस्त्री, हात ठेवून बघा.”

मिस्त्रींनी बेसिनवर जाऊन दोनदा हात धुतले. मग तळहात अलगद टेकवला.

“दाबा की! मी काय साबणाचा फुगा आहे?” लेक म्हणाली.

त्यांनी दाबला. काही सुटलं नाही. त्या दिवसापासून कामावरून आले की चहाच्या आधी ते पाच मिनिटं तिच्याशेजारी बसायचे, हात त्या जागेवर ठेवून. आईही तेवढा वेळ स्वयंपाकघरातून बाहेर यायची नाही.

फोड आला त्या दुपारी बापलेक डॉक्टरबाईंसमोर बसले होते.

“फसलं का सगळं?” मिस्त्रींनी विचारलं.

“लागू पडलं होतं. टिकलं नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “हे बघा, वरची कातडी झडत असते आणि खालच्या मूळ पेशी सारखी नवी बनवत असतात. आपलं जनुक त्या मूळ पेशींत पोचलंच नसेल, तर झडणाऱ्या पेशींबरोबर तेही निघून गेलं. नाहीतर पोचलं असेल, पण पेशीनेच त्याला गप्प केलं असेल. आत आहे, पण काम करत नाही.”

“म्हणजे मोटरच राहिली नाही, की मोटर आहे पण कुणी बटण बंद केलंय.”

“अगदी तसंच.”

“मग उघडूनच बघावं लागेल,” मिस्त्री सवयीने बोलून गेले, आणि मग त्यांची नजर लेकीच्या हातावर गेली.

“हो,” डॉक्टरबाई हळू आवाजात म्हणाल्या. “त्या जागेचा मसुराएवढा तुकडा घ्यावा लागेल. साधी माणसं आठवड्यात बरी होतात, हिला दीड-दोन महिने लागतील. आणि त्याचा हिलाच फायदा होईल असं मी म्हणणार नाही. नको म्हणालात तरी चालेल.”

“नकोच. जेवढी चांगली उरलीय तेवढी राहू दे.”

“बाबा, हात माझा आहे.”

“माझं पण काही...”

“माहितीये मला,” लेक म्हणाली. “पण बिघाड कुठेय ते न बघता तुम्ही कधी पंप जोडून दिलाय का?”

मिस्त्री डॉक्टरबाईंकडे वळले. म्हणाले, “भूल नीट द्या तिला.”

जखम भरायला नऊ आठवडे लागले. तोवर उरलेली नवी कातडीही फोडाफोडाने गेली. मिस्त्री संध्याकाळी तिच्याशेजारी बसायचे, दिवसभरात कुठला पंप कसा रुसला ते सांगायचे. एकदा बोलता बोलता त्यांचा हात पुढे गेला. तिने आपला हात हलवला नाही. त्यांनीच स्वतःचा मागे घेतला आणि रुसलेल्या पंपाची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. तिने ती पुन्हा ऐकली.

मग तपासणीचा निकाल आला. जनुक मूळ पेशींपर्यंत पोचलं होतं, पण बहुतेकींत गप्प झालं होतं. पुढच्या वेळी डॉक्टरबाई जनुकाला चालू ठेवणारा भाग बदलून बघणार होत्या.

“पुढची वेळ म्हणजे कधी?” लेकीने विचारलं.

“दोन वर्षं, कदाचित जास्त. खोटं सांगत नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “तुझ्या पेशी आमच्याकडे आहेत अजून. बघायच्यात?”

प्रयोगशाळेत पेशी सांभाळणाऱ्या एक ताई होत्या. त्यांनी दोघांना टोप्या आणि झगे घालायला लावले. फ्रिजसारख्या दिसणाऱ्या एका कपाटातून चपटी बाटली काढून त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली.

“एक दिवसाआड यांना खायला घालावं लागतं,” त्या म्हणाल्या.

“आणि सुट्टीच्या दिवशी?” मिस्त्रींनी विचारलं.

“येते की. त्यांना कुठे सुट्टी कळते?”

मिस्त्रींना ताई एकदम पसंत पडल्या. चष्मा काढून ते वाकले. आधी नुसता उजेड दिसला, मग एकमेकींना चिकटून बसलेल्या बारीक बारीक पेशी. ते बराच वेळ हलले नाहीत.

“ताई,” त्यांनी वर न बघता विचारलं, “त्या कपाटात ऊब असते का?”

“असते ना. अंगात असते तेवढीच.”

“मग इथे बाहेर गार लागत असेल यांना.”

“थोडा वेळ काही होत नाही.”

मिस्त्री लगेच मागे सरले. “ठेवा, ठेवा आत.”

“अहो बाबा, मी कुठे बघितलंय अजून!” लेक हसत म्हणाली.

“पुढच्या वेळी बघ. आधी त्यांना आत ठेवू दे.”

ताईंनी बाटली उचलून आत ठेवली. कपाटाचं दार नीट लागल्याचा आवाज येईपर्यंत मिस्त्री टोपी हातात धरून उभे होते.