सत्ताविसावी स्लाइड

जपानमधल्या सेंदाई शहरात नव्याने येणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी चंद्रहासने भूकंपाचं ऑनलाइन प्रशिक्षण तयार केलं, तेव्हा दोन गोष्टींत त्याने कसूर ठेवली नाही. एक माहिती, दुसरी टायची गाठ. बावन्न मिनिटं तो कॅमेऱ्यासमोर बसून बोलला. सुरुवात पृथ्वीच्या पोटापासून केली आणि घराच्या दाराशी यायला अडतीस मिनिटं घेतली. चोवीस जणांनी प्रमाणपत्र मिळवलं, आणि हा चोवीसचा आकडा तो महिनाभर भेटेल त्याच्या पानात आग्रहाने वाढत होता.

त्याची बायको नंदिनी तेवढं म्हणाली होती, "छान झालंय. पण माणूस पोळी शिकतो तो लाटणाऱ्याच्या हाताकडे बघून, तोंडाकडे बघून नव्हे."

"हे शास्त्र आहे, नंदिनी."

"पोळीसुद्धा शास्त्रच आहे. तुझी अजून गोल होत नाही."

मार्चमधल्या एका सकाळी जमीन हलली, आणि चांगलीच हलली. बाहेर बर्फ पडत होता. हादरे थांबतात न थांबतात तोच सुप्रभाचा व्हिडिओ कॉल आला. चार महिन्यांपूर्वी आलेली, पीएचडी करणाऱ्या श्रीहरीची बायको. श्रीहरी परिषदेसाठी टोकियोला, आणि शिनकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, बंद. घरात ती आणि दहा महिन्यांची सलोनी.

"दादा, हीटर बंद पडलाय. गॅसच येत नाही. सलोनीला रात्रीपासून ताप आहे हो! पाइप तर फुटला नसेल?"

"वास येतोय?"

"नाही."

"मग घाबरू नकोस. मोठा धक्का बसला की मीटर आपणहून गॅस तोडतं. ते परत चालू करायचं. सत्ताविसावी स्लाइड आठव. डाव्या बाजूला..."

"दादा, ती मी पाहिलीच नाही!" सुप्रभाला रडू फुटलं. "व्हिडिओ शेवटपर्यंत लावला होता, पण आवाज बंद करून. पोळ्या करत होते. परीक्षेची उत्तरं ग्रुपवर आली होती."

चोविसातली एक गळाली! चंद्रहासला मुलीच्या तापाआधी आपला आकडा आठवला, हे नमूद करायलाच हवं.

"अगं, पण प्रमाणपत्र घेतलंस ना तू?"

"प्रमाणपत्राने हीटर पेटतो का?" म्हणत नंदिनीने फोन काढून घेतला आणि शाल गुंडाळून दाराबाहेर गेली. त्यांचंही मीटर बंद पडलं होतंच. तिने कॅमेरा उलटा केला.

"सुप्रभा, मला बघू नकोस, माझा हात बघ. आधी घरातला हीटर, शेगडी, सगळं बंद कर. केलंस? आता तुझ्या दाराबाहेरची लोखंडी पेटी उघड. हे बघ, हे टोपण असं फिरवून काढ. आतलं बटण दाब. जोरात! लाल दिवा लुकलुकतोय?"

"लुकलुकतोय, वहिनी!"

"शाब्बास. आत जा. आता तीन मिनिटं काहीही पेटवायचं नाही, मीटर गळती तपासतं; दिवा विझला की झालं."

तीन मिनिटं! कुडकुडणारं पोर मांडीवर असलं की तीन मिनिटं किती लांब असतात, हे कोणत्याच स्लाइडवर नव्हतं. नंदिनीने कॅमेरा स्वतःकडे वळवला. "आता मात्र माझ्या तोंडाकडे बघ. दोन हजार अकराच्या मोठ्या भूकंपात हे तुझे दादा टेबलाखालून बाहेरच येईनात. मी आत बिस्किटं सरकवत होते."

सुप्रभा डोळे पुसत हसली. तिने बाहेर जाऊन पाहिलं, दिवा विझला होता. पाठोपाठ हीटरचा घरघराट ऐकू आला. "लागला, वहिनी, लागला!"

दुपारी चंद्रहास पुटपुटला, "लोक आळशी आहेत."

"आळशी नाहीत रे. तू शिकवायला बसलाच नव्हतास, दिसायला बसला होतास." नंदिनीने त्याच्यापुढे चहा ठेवला. "मीटर दाखवायला हात हवा, आणि तोही बघणाऱ्याच्या बाजूने. भूकंपानंतर निवारा मिळतो त्या शाळेची वाट चालत चालत दाखव. घरच्यांसाठी खुशालीचा निरोप कसा ठेवायचा, ते फोनच्या पडद्यावरच दाखव. भीतीला मात्र चेहरा लागतो. तिथे तू बस. टाय काढून."

चंद्रहासने चहा संपवला. मग त्याने ते बावन्न मिनिटांचं भाषण स्वतःच्या हाताने काढून टाकलं.

आठवड्याभरात चार छोटे व्हिडिओ तयार झाले. शेवटच्या व्हिडिओत एकही स्लाइड नव्हती. स्वेटर घातलेला चंद्रहास म्हणत होता, "मीही घाबरलो होतो. तासभर टेबलाखाली बसलो होतो. घाबरलात तर फोन करा, लाजू नका."

मित्रहो, आपणही कुठे ना कुठे कुणाला तरी काही शिकवत असतो. आपण किती बोललो याची नोंद ठेवणं सोपं. समोरच्याच्या हाताला काय जमलं, याची ठेवा! ज्याला जे हवं, ते त्याच्या बाजूला उभं राहून दाखवावं. ते डोक्यावरून गेलं, तर दोष आधी आपल्या उभं राहण्यात शोधावा.

चंद्रहासने नवे व्हिडिओ पाठवले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सुप्रभाचा निरोप आला. सोबत छोटा व्हिडिओ होता: मीटरवर तिचा हात, आणि त्या हाताला धरलेली सलोनीची इवली बोटं. पुढच्या महिन्यात येणाऱ्या कुटुंबासाठी तिने तो स्वतःहून केला होता. खाली लिहिलं होतं, "दादा, तुमचे चारही पाहिले. आवाज चालू ठेवून."